दगडी घर आणि त्याचा गोतावळा

स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिहा' असा निरोप संपादक मंडळाकडून आला. आता आपल्या सोसायटीचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जास्त माहीतगार मंडळी आहेत. प्लॉट कसा मिळाला, पहिल्या दोन वर्षांत पाण्याचे किती हाल झाले, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, हे सगळं त्यांनी या अंकात लिहिलं असणारच. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि त्यानंतर चौतीस वर्षं बँकेत काढली. या दोन्ही गोष्टी जिथे उपयोगी पडतील असा एक विषय माझ्याकडे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात तीनशे वर्षांपूर्वीचं एक दगडी शेतघर आहे. ते घर आणि शेतावरच्या बाकीच्या इमारती, म्हणजे त्या घराचा गोतावळा, यांच्याविषयी मी लिहिणार आहे. त्याचा आपल्या सोसायटीशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, तो शेवटी सांगतो.

आधी एक सांगायला हवं. नोकरीची बरीच वर्षं मी ग्रामीण शाखांमध्ये होतो. विहीर, पाइपलाइन, दुभती जनावरं, कांदाचाळ यांसाठी कर्जमागणी अर्ज यायचे आणि मंजुरीआधी जागेवर जाऊन पाहणी करावी लागायची. सुरुवातीच्या काळात आमच्या एका वरिष्ठांनी मला शिकवलं होतं, "शेतकऱ्याच्या घरी गेलास की पुढच्या ओसरीवर बसून चहा पी, पण अहवाल परसदारी जाऊन लिही." गोठा कसा आहे, गव्हाणीत वैरण किती, कडब्याची गंज झाकली आहे की भिजते आहे, शेणखताचा उकिरडा नीट बांधलेला आहे का, धान्याच्या कणग्या सारवलेल्या आहेत का, हे बघायचं. दर्शनी भागात माणूस आपली ऐपत दाखवतो, मागच्या बाजूला आपली काळजी दाखवतो. ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

आमची लेक आणि जावई पेनसिल्व्हेनियात असतात. तिकडे आमच्या तीन फेऱ्या झाल्या. फिलाडेल्फिया शहरापासून पश्चिमेला साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर लँकेस्टर नावाचा जिल्हा आहे. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. जमीन अतिशय कसदार, खाली चुनखडीचा दगड, वर खोल माती. आजही तिथे घोड्यांनी नांगरणारे आमिश शेतकरी दिसतात. याच भागात 'हान्स हेर हाउस' नावाचं, १७१९ साली बांधलेलं दगडी घर आहे. लँकेस्टर काउंटीतलं हे सर्वांत जुनं घर. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, १७१९ साली आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणत होते आणि शनिवारवाड्याचा पाया घालायला अजून अकरा वर्षं होती.

कोण हे हेर?

हेर कुटुंब मेनोनाइट पंथाचं. हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ, मूळ स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्सकडचा. बाप्तिस्मा हा कळत्या वयात, स्वतःच्या इच्छेनेच घ्यायचा, शस्त्र हाती धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, अशी त्यांची तत्त्वं. तत्त्वं ऐकायला साधी वाटतात, पण त्या काळच्या राजांना आणि चर्चला ती अजिबात मानवली नाहीत. स्वित्झर्लंडमधून त्यांना हाकललं, तुरुंगात टाकलं. बरेच जण जर्मनीच्या ऱ्हाइन नदीकाठच्या प्रदेशात गेले, आणि तिथेही परक्याच्या जमिनीवर किती दिवस राहणार? इकडे विल्यम पेन या इंग्रज गृहस्थाला १६८१ साली अमेरिकेत मोठा मुलूख मिळाला होता आणि 'माझ्या वसाहतीत ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे राहावं' असं त्याने जाहीर केलं होतं. १७१० साली मेनोनाइट कुटुंबांच्या एका गटाने पेनच्या जमीन अधिकाऱ्यांकडून दहा हजार एकर जमीन मिळवली. आजच्या लँकेस्टर काउंटीतली ही युरोपीय लोकांची पहिली कायमची वस्ती. हान्स हेर हे या समाजाचे बिशप, म्हणजे धर्मगुरू. त्यांचा जन्म १६३९चा. घर बांधून झालं तेव्हा ते ऐंशीचे होते.

घर त्यांनी बांधलेलं नाही. बांधलं त्यांच्या मुलाने, क्रिश्चनने. आपल्याकडे दारावर जिथे गणेशपट्टी असते, त्या जागेच्या दगडात १७ आणि १९ या आकड्यांच्या मधोमध क्रिश्चन हेरच्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत. तरी आज सगळं जग त्या घराला हान्स हेरचं घर म्हणतं. घर मुलाने बांधलं, दगडावर नाव मुलाचं, आणि ओळख मात्र बापाची. माझ्या वयाच्या वाचकांना ही गोष्ट माझ्याइतकीच आवडेल याची मला खात्री आहे.

घर

घराचा आकार साधारण ३८ फूट बाय ३१ फूट. म्हणजे आपल्या हिशेबाने तळमजल्याचा बिल्टअप एरिया ११७५ चौरस फुटांच्या आसपास. बी विंगमधल्या मोठ्या फ्लॅटपेक्षा थोडंसं जास्त. भिंती वालुकाश्माच्या, चांगल्या जाड. खिडक्या थोड्या आणि लहान. छप्पर इतकं उतरतं की समोरून पाहिलं तर भिंतीपेक्षा छप्परच जास्त दिसतं. त्यावर कौलांऐवजी लाकडाच्या पातळ फळ्या. मधोमध दगडी धुरांडं. हे धुरांडं बरोबर मध्यभागी असणं म्हणजे जर्मन पद्धतीचं घर. त्या काळचे इंग्रज बहुधा चूल बाहेरच्या भिंतीला लावत, जर्मन लोक घराच्या पोटात ठेवत.

दार उघडलं की थेट स्वयंपाकघर. दिवाणखाना वगैरे नाही. पाहुणा, शेजारी, वाट चुकलेला प्रवासी, जो कोणी येईल तो आधी चुलीपाशी. भिंतीच्या पलीकडे मोठी खोली, तिला 'श्टुबे' म्हणतात. घरातली माणसं जेवायला, बसायला, लिहायला-वाचायला इथेच. तिच्या शेजारी झोपायची लहान खोली. झालं घर! या तीन खोल्यांच्या नियोजनात एक फार हुशारीची गोष्ट आहे. अशा घरांत श्टुबेमध्ये लोखंडी पत्र्यांची पेटीसारखी शेगडी भिंतीला लावलेली असते आणि तिचं तोंड भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरातल्या चुलीत उघडतं. निखारे चुलीच्या बाजूने सारायचे. ऊब इकडे मिळते. धूर, राख, काजळी सगळं तिकडे राहतं. मुंबई-पुण्याच्या माणसाला याचं महत्त्व कळायला तिकडचा जानेवारी एकदा अनुभवावा लागतो.

जमिनीखाली तळघर, तिथे बटाटे, गाजरं, सफरचंद, कोबी हिवाळाभर टिकत. वर एकावर एक माळे, आणि तिथे धान्य. त्या पद्धतीच्या घरांत तुळयांच्या मधल्या फटींत गवत आणि चिखल गुंडाळलेल्या लाकडी काठ्या बसवत, म्हणजे वरची थंडी खाली येत नसे. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात धाब्याच्या घरावर पांढऱ्या मातीचा थर देतात तो ऊन अडवायला. तत्त्व एकच, फक्त शत्रू वेगळा.

आणि हीच श्टुबे त्यांचं प्रार्थनाघरही होतं. मेनोनाइट लोकांना तेव्हा वेगळं चर्च बांधायची गरज वाटली नाही. रविवारी शेजारपाजारची कुटुंबं इथेच जमत. मेनोनाइट प्रार्थनेसाठी वापरलेली आणि अजून उभी असलेली अमेरिका खंडातली सर्वांत जुनी वास्तू म्हणून या घराची नोंद आहे. एका खोलीकडून किती कामं करून घ्यावीत याचा हा धडा आहे.

घराचा गोठा होतो तेव्हा

इथपर्यंतची कथा गाईड सांगतोच. मला जास्त महत्त्वाची वाटली ती पुढची. हेर कुटुंबाच्या पिढ्या या घरात १८६०च्या सुमारापर्यंत राहिल्या. पुढे कुटुंबं वाढली, पैसा आला, नव्या तऱ्हेची घरं बांधली गेली. त्याच आवारात १८३५ सालचं एक घर आहे आणि १८९०च्या दशकातलंही एक आहे. दोन्ही मोठी, उजेडाची. मग या जुन्या घराचं काय झालं? ते पाडलं नाही. त्यात गुरंढोरं, अवजारं, अडगळ ठेवायला लागले. म्हणजे जे मूळ घर होतं तेच उतारवयात गोठा आणि कोठार झालं. क्रिश्चन हेरचं नाव कोरलेल्या दाराखालून शेतीचं सामान आत-बाहेर होऊ लागलं.

ऐकायला वाईट वाटतं, पण बँकेच्या नजरेने पाहिलं तर याच गोष्टीने घर वाचवलं. रिकामं घर लवकर पडतं. वापरात असलेल्या इमारतीचं छप्पर कुणी ना कुणी शाकारतं, कारण खाली ठेवलेलं सामान भिजून चालत नाही. अँड्र्यू वायेथ हा अमेरिकेचा नामांकित चित्रकार. तोही हेर घराण्याच्या वंशातला. त्याने हे घर दुरुस्तीच्या आधीच्या अवस्थेत चितारलेलं आहे. पुढे लँकेस्टरच्या मेनोनाइट इतिहास मंडळाने ते हाती घेतलं, १९७१ साली राष्ट्रीय वारसा यादीत त्याची नोंद झाली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पुन्हा वसाहतकाळातलं रूप दिलं गेलं.

परसदारी

आता माझ्या आवडीच्या भागाकडे, घराच्या मागे. या म्युझियमच्या आवारात गोठे, शेड, तीन शतकांतली शेतीची अवजारं आहेत, आणि लँकेस्टरच्या कुठल्याही जुन्या शेतावर गेलात तरी असा गोतावळा भेटतो. एकेका इमारतीपाशी उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, 'ही कुठल्या काळजीतून बांधली?'

पहिली काळजी हिवाळ्याची, आणि तिचं उत्तर म्हणजे 'बँक बार्न'. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे नाव आवडणारच, पण या बँकेचा पैशाशी संबंध नाही. नदीच्या काठाला, जमिनीच्या चढाला इंग्रजीत बँक म्हणतात, ती ही बँक. गोठा टेकडीच्या उताराला लागून असा बांधायचा की मागच्या बाजूने जमिनीवरून बैलगाडी किंवा घोडागाडी थेट वरच्या मजल्यावर जाते आणि पुढच्या बाजूने खालचा मजला जमिनीला लागतो. वर गवत, धान्य आणि मधोमध लाकडी तक्तपोशीचं खळं. खाली गुरं आणि घोडे. वरून गवत खाली ढकललं की पोचलं गव्हाणीत. माणसाने डोक्यावर भारे वाहायचे नाहीत, ते काम उताराने करायचं. खळ्याला समोरासमोर दोन्ही बाजूंनी मोठी दारं, ती उघडली की वारा आरपार, आणि त्या वाऱ्यावर उपणणी. खालच्या मजल्याची पाठ मातीत असल्याने मागून थंडी येत नाही आणि गुरांच्या अंगाची ऊब आत राहते.

समोरच्या बाजूला वरचा मजला चार-सहा फूट पुढे आलेला असतो, आपल्याकडच्या सज्ज्यासारखा. त्याच्याखाली गुरं पावसात-बर्फात उभी राहू शकतात. ही बाजू शक्यतो दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे, हिवाळ्यातलं कोवळं ऊन मिळावं म्हणून. रॉबर्ट एन्समिंगर या अभ्यासकाने या सज्ज्याचं मूळ शोधत स्वित्झर्लंडमधलं प्रेटिगाउ खोरं गाठलं आणि तिथे तशाच बांधणीचे गोठे दाखवून दिले. म्हणजे माणसांनी येताना पेटाऱ्यात भांडी आणली आणि डोक्यात गोठा आणला. १७१९ साली लगेच असे मोठे गोठे उभे राहिले नाहीत. आधी ओंडक्यांचे साधे गोठे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, हातात पैसा आल्यावर, दगडी भिंतींचे बार्न आले. बऱ्याच शेतांवर हा बार्न मालकाच्या घरापेक्षा कितीतरी मोठा असतो. आमच्या वरिष्ठांनी तिथे कर्ज डोळे मिटून मंजूर केलं असतं.

दुसरी काळजी नासण्याची. दूध, लोणी, चीज टिकवायचं कसं? फ्रीज नव्हता, पण झरे होते. जिवंत झऱ्यावरच एक बुटकी दगडी खोली बांधायची, तिला 'स्प्रिंगहाउस' म्हणतात. फरशीत चर, चरातून झऱ्याचं थंड पाणी सतत वाहतं आणि त्यात दुधाची मातीची भांडी गळ्यापर्यंत उभी. पाणी पुढे जाऊन जनावरांच्या हौदात पडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, त्याची ही मोठी आवृत्ती. मांसासाठी 'स्मोकहाउस', म्हणजे खिडकी नसलेली धुरीची खोली. थंडी पडली की डुकरं कापत आणि मांस मिठात मुरवून इथे टांगून धुरी देत. मग ते पुढचा उन्हाळाभर टिकायचं. मक्याची कणसं ठेवायला फटी-फटींच्या भिंतींचं अरुंद कोठार, वाऱ्याने कणसं वाळावीत म्हणून. ज्यांनी नाशिक-नगरकडे कांदाचाळ पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तिसरी काळजी आगीची. ब्रेड भाजायची भट्टी बऱ्याच ठिकाणी घरापासून थोडी दूर. आठवड्यातून एकदा आत लाकडं पेटवायची, दगड-विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि त्या उरलेल्या धगीवर आठवड्याचे पाव भाजायचे. पुढच्या काळात उन्हाळ्यासाठी स्वयंपाकघरही वेगळं बांधू लागले, घर तापू नये म्हणून. कुठे कुठे चुन्याची भट्टी असते. शेतातलाच चुनखडीचा दगड भाजून चुना करायचा, दर्जा बांधायला आणि आंबट झालेल्या जमिनीत टाकायलाही.

बघा, यातलं एकही बांधकाम हौसेचं नाही. आणि एकही एकाच दिवशी झालेलं नाही. अडचण आली, ती सोसली, मग चार दगड रचले.

आजोबांचं घर

चौथी काळजी म्हातारपणाची. लँकेस्टरच्या आमिश शेतांवर मुख्य घराला लागून एक छोटं घर दिसतं. त्याला 'ग्रॉसडाडी हाउस' म्हणतात, सरळ मराठीत आजोबांचं घर. मुलगा संसाराला लागला, शेती हाकायला समर्थ झाला की आई-वडील मोठं घर त्याच्या हवाली करतात आणि स्वतः या लहान घरात येतात. चूल वेगळी, दार वेगळं, अंगण एक. नातवंडं दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे. आजोबा रिकामे बसत नाहीत. घोड्यांचा साज दुरुस्त करतील, लाकडाचं काही करतील, पेरणीच्या दिवसांत सल्ला देतील. सल्ला मानायचा की नाही हे मुलगा ठरवतो.

हे पाहून आमच्या सौ. बराच वेळ गप्प होत्या. कारण सांगायला हरकत नाही. लेक गेली काही वर्षं म्हणते आहे, "आई-बाबा, आता इकडेच या." घर मोठं आहे, मनं त्याहून मोठी आहेत. पण तिथे सकाळी नऊला दार बंद झालं की संध्याकाळी सहापर्यंत आम्ही दोघं आणि खिडकी. इथे दूधवाला आहे, कट्टा आहे, खालच्या मजल्यावरच्या काकूंची हाक आहे, पण लेक नाही. आमिश आजोबांना दोन्ही मिळतं, कारण दोन्हींमध्ये फक्त एक अंगण आहे. आमच्यामध्ये दोन समुद्र आहेत. आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. आपल्या सोसायटीत किती दारांमागे फक्त दोघं, किंवा एकच जण राहतो, हे प्रत्येकाने मनातल्या मनात मोजावं. मी मोजलं आहे, आकडा इथे लिहीत नाही.

जी इमारत नव्हती

इतिहास घेतलेल्या माणसाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. सन १७१० मध्ये ती दहा हजार एकर जमीन रिकामी होती का? नव्हती. तिथे कोनेस्टोगा लोक राहत होते. विल्यम पेनने १७०१ साली त्यांच्याशी मैत्रीचा करार केला होता. मेनोनाइट आणि ते शेजारी म्हणून राहिले. पण वसाहत वाढत गेली, सरहद्दीवर लढाया झाल्या आणि १७६३च्या डिसेंबरात 'पॅक्स्टन बॉईज' म्हणवणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने कोनेस्टोगांच्या वस्तीवर हल्ला केला. १४ डिसेंबरला सहा जणांना मारलं. उरलेल्या चौदा जणांना सरकारने संरक्षणासाठी लँकेस्टर गावातल्या एका बंदिस्त इमारतीत ठेवलं, तर २७ डिसेंबरला टोळीने तिथे शिरून त्यांनाही मारलं. लहान मुलंसुद्धा सोडली नाहीत. बेंजामिन फ्रँकलिनने लगेच, १७६४ साली, पुस्तिका लिहून याचा कडक निषेध केला. शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. एका मेनोनाइट शेतकऱ्याच्या शेतावर राहणारं एक कोनेस्टोगा जोडपं तेवढं वाचलं.

दगडी घर तीनशे वर्षं टिकलं, पण ज्यांची ती भूमी होती त्यांची एकही वास्तू तिथे शिल्लक नव्हती. हान्स हेर म्युझियमच्या लोकांना ही उणीव जाणवली हे त्यांचं मोठेपण. २०१३ साली त्यांनी आवारात तिथल्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीचं 'लाँगहाउस' उभं केलं. लांबलचक, गोलसर छपराचं एकच घर. मधून वाट, वाटेवर ओळीने चुली, दोन्ही बाजूंना कुटुंबं. एका छपराखाली अनेक चुली! मी लेकीला म्हटलं, "अगं, ही तर आपली सोसायटीच." ती हसली. पण मला ते घर दगडी घराइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्या आवारात कोण राहत होतं हे सांगणारी जागा ठेवणं, हीही एक काळजीच आहे.

जाता जाता बँकेच्या लोकांसाठी एक गोष्ट. शहर वाढत असताना लँकेस्टरची शेतं वाचली कशी? तिथे शेतकरी जमीन न विकता तिच्यावर इमारती बांधण्याचा हक्क तेवढा सरकारला किंवा एखाद्या ट्रस्टला विकू शकतो. पैसे मिळतात, शेती चालू राहते, जमीन विकलीही जाते, पण त्या जमिनीवर वसाहत कधीच होत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कायमचा बोजा चढवावा तसं. आजवर त्या एका काउंटीत एक लाख एकरांहून जास्त शेतजमीन अशी राखली गेली आहे.

आता आपल्या आवारात

आता संबंध सांगतो. तिसऱ्या फेरीहून परत आल्यावर मी एका संध्याकाळी आपल्याच सोसायटीभोवती पाहणीला निघालेल्या मॅनेजरसारखी फेरी मारली. दर्शनी भाग उत्तम आहे. नवा रंग, नावाची स्टीलची अक्षरं, रौप्यमहोत्सवाची लायटिंग. मग मागे गेलो. पंप रूम. तिच्याशेजारी टँकरच्या वर्षी घेतलेली बोअर. मीटर रूम. स्कूटर चोरीला गेल्यानंतर बांधलेली वॉचमन केबिन. गाड्या वाढल्यावर घातलेली पत्र्याची शेड. कचऱ्याचा खड्डा. प्रत्येक बांधकाम कुठल्या ना कुठल्या वर्षीच्या अडचणीचं उत्तर आहे, आणि प्रत्येकामागे कुणा ना कुणा कमिटी मेंबरची पायपीट आहे. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची काळजी केली, विजेची केली, चोरांची केली, गाड्यांची तर फारच केली. म्हातारपणाची काळजी केलेली एकही इमारत मला दिसली नाही.

जागा मात्र आहे. जुनी जनरेटर रूम. नवा जनरेटर गच्चीवर गेल्यापासून ती कुलपात आहे. आत गणपतीच्या मांडवाचे बांबू, रंगाचे रिकामे डबे आणि मोडक्या खुर्च्या. दगडी घराचा गोठा झाला होता. आपण गोठ्याचं घर करू शकतो. एक खिडकी पाडावी लागेल, दारातल्या पायऱ्यांच्या जागी उतार हवा, दोन बाक, एक टेबल, पंखा, पाण्याचा नळ. रोज सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात उघडी. चष्म्याचा स्क्रू, मिक्सरचं बटण, मुलांचं गणित, ज्याला जे येतं ते त्याने तिथे करावं. माझ्यापुरतं सांगतो. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले, एप्रिलमध्ये फॉर्म १५एच आणि बाराही महिने नॉमिनेशनचे फॉर्म मी भरून देईन. चहा मात्र आळीपाळीने.

बांबूंसाठी गच्चीच्या जिन्याखाली जागा आहे. मी टेप लावून मोजली आहे, बसतात. खर्चाचा अंदाज एका पानावर लिहून सेक्रेटरींकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा अशी लेखी विनंतीही केली आहे. सूचक मी आहेच. अनुमोदक हवा आहे.